चाळीस पुस्तकांतला उलटा फर्मा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने संप पुकारला असल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच घातला आहे, पण भाव पूर्ण आडवा आहे.) तुझा खोकला कसा आहे? वहिनींना सांग, त्यांनी विणलेला मफलर मी रोज घालतो. (आरशासमोर.) आई अजून पाहुण्यांना बाबांच्या फुटलेल्या चष्म्याची गोष्ट सांगते का? त्या चष्म्याबद्दलच मनात काहीतरी खुपतंय आणि ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. पण सरळ मुद्द्यावर येणं आपल्या घराण्यात कुणाला जमलंय? तेव्हा आधी कारखान्यातली हकिकत.

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मला मुकादम केलं, हे तुला कळलंच असेल. मालक म्हणाले, "लोक तुमच्याकडे बघून शिकतात." झालं! आमच्याकडे काम सुरू करण्याआधी सगळे आपापल्या टेबलाशी मिनिटभर हात जोडून उभे राहतात. मी ठरवलं, लोक बघणारच आहेत तर चांगली बघण्यासारखी श्रद्धा दाखवावी. मी बरोबर मधोमध, दिव्याखाली उभा राहू लागलो. मिनिटाची दोन मिनिटं झाली, दोनाची सात. अकराव्या मिनिटाला पुठ्ठे चिकटवायची खळ वाळून गेली आणि मला भोवळ आली असं समजून पुठ्ठेवाल्याने तोंडावर पाणी मारलं. तरी मी डोळे उघडले नाहीत. (एक उघडला होता, कोण कोण बघतंय ते पाहायला.)

शिलाईच्या टेबलावर, सगळा कारखाना ज्यांना काकी म्हणतो, त्या बसतात. सत्तावीस वर्षं तिथेच आहेत. त्यांची प्रार्थना कधी सुरू झाली आणि कधी संपली, ते कुणाला कळत नाही. त्या सगळ्यांच्या आधी येतात आणि आपलं टेबल पुसता पुसता शेजारचंही पुसतात. कुणाला कधी एका शब्दाने काही सांगितलेलं नाही, पण आज कारखान्यात एकही माणूस घाण टेबल सोडून घरी जात नाही. मी अकरा मिनिटं उभा राहून शिकवलं काय, तर खळ वाळते कशी.

गेल्या मंगळवारी प्रार्थनेची चाळीस पुस्तकं बांधायची होती. बुधवारी सकाळी लोक न्यायला येणार होते. छापलेल्या कागदांना घड्या घालून सोळा सोळा पानांचे फर्मे करतात, ते क्रमाने रचतात आणि मग शिलाईला देतात. रचायचं काम माझं होतं. ते मी सकाळच्या प्रार्थनेच्या तंद्रीतच उरकलं आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकांत तिसरा फर्मा उलटा लागला. म्हणजे भक्ताने बत्तीस पानं देवाशी नीट बोलायचं आणि पुढची सोळा डोक्यावर उभं राहून.

दुपारी मालकांनी एक पुस्तक उघडलं आणि कडाडले, "कुणाचं काम हे?" मी घाईघाईने कामाची यादी उचलली. काकी उठल्या आणि म्हणाल्या, "शिलाई माझ्या हातची आहे, मालक. सुई घालण्याआधी पान बघायला हवं होतं मी. उसवून परत शिवते." आणि बसल्या की उसवायला! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दादा, रागाने बघितलं असतं ना, तर फार बरं वाटलं असतं.

पाच मिनिटं मी ती यादी वाचण्याचं सोंग केलं. मग मालकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. बाहेर येऊन तेच सर्वांसमोर सांगितलं. त्यानंतर कबुलीजबाबांची काय साथच आली! कटरवाल्याने पात्याचा टवका आपणच उडवल्याचं कबूल केलं. पुठ्ठेवाला म्हणाला, त्या दिवशी मला भोवळ आली नव्हती हे त्याला पक्कं माहीत होतं. शेवटी मालक स्वतः बाहेर आले आणि कपाटातली आमची बिस्किटं वर्षभर कोण खात होतं, ते सांगून मोकळे झाले. मग सगळे मिळून उसवायला बसलो. संध्याकाळपर्यंत चाळीसही पुस्तकं सरळ झाली. मी काकींना हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, मीच रचली होती ते?" त्या म्हणाल्या, "हा एवढा दोरा ओवून द्या." खरंच सांगतो, इतकं मोठं माणूस मी जवळून पाहिलेलं नाही. हल्ली मी कोपऱ्यात उभा राहतो आणि एका मिनिटात आटपतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : इतकं मोठं माणूस पाहिलेलं नाही, हे खोटं आहे. बाबांच्या चष्म्यावर पाय माझा पडला होता. तू दारात उभा राहून बघितलंस आणि बाबांना म्हणालास, "माझ्या पायाखाली आला." त्या सुट्टीत बाबा तुला घरी ठेवून मला एकट्याला समुद्र दाखवायला घेऊन गेले. मी गेलो, शिंपले घेऊन आलो आणि ते तुलाच दाखवत बसलो. आई आजही ती गोष्ट तुझा धांदरटपणा म्हणून सांगते आणि तू हसतोस.

आणखी एक ता. क. : रविवारी येतोय, आईला खरं सांगायला. पत्राचं कारण एवढंच, की तेव्हा कृपा करून मध्ये पडू नकोस आणि "जाऊ दे गं, चूक माझीच होती" असं म्हणू नकोस. तू म्हणशील, म्हणून आधीच बजावतो.

शेवटचं : वहिनी सांगत होत्या, तू अजून समुद्र पाहिलेला नाहीस. सोमवारची दोन तिकिटं काढली आहेत. तुझा चष्मा आठवणीने घे, आणि मी असेन तिथे खाली ठेवू नकोस.