फाटकाशी म्हटलेलं ‘जा’

आचरा,
१४ मे

प्रिय अक्षया,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत एक कागद आहे, त्याचं शेवटी सांगते. आधी मला थोडं बोलू दे. चौतीस वर्षं शाळेत बोलूनच काढली, सवय जात नाही.

इकडे सगळं ठीक. रतांबे यंदा उशिरा पिकले. मागच्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घातली आहेत आणि माझे हात कोपरापर्यंत लाल झालेत. शेजारच्या हौसाबाईचे गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत आहे. हे पत्रसुद्धा मी तिच्या त्या जिभेमुळेच लिहितेय.

लग्न होऊन तू कराडहून आलीस आणि पंधराव्या दिवशी माझा सुदेश बोटीवर नोकरीला गेला. घरात उरलो आपण दोघी. मला तेव्हा केवढा गर्व होता, की माणसाच्या मनातलं मला त्याच्या तोंडावरून कळतं. कुणी गृहपाठ केलेला नाही हे मी हजेरी घेतानाच ओळखायची. पोरं मला टरकून असत. तुलाही मी तसंच वाचायला बसले.

एका दुपारी हौसाबाई पुढच्या पडवीत बसली होती. मी तिला कौतुकानं सांगत होते, “आमचां अक्षया घावणे बरे करता हां. तां आता हयलांच झालां, आचऱ्याचां.” तू दारात उभी होतीस. तुझा चेहरा खर्रकन उतरला. मी मनात म्हटलं, झालं. आमचं ‘तां’ म्हणजे ‘ते’, आणि घाटावर बाईमाणसाला कोणी ‘ते’ म्हणत नाही, भांड्याला म्हणतात, कुत्र्याच्या पिल्लाला म्हणतात. आमच्यात घरच्या पोरीबाळींना ‘तां’ म्हणतात, पण ते तुला कसं ठाऊक असणार? फळ्यावर शब्द लिहून पोरांना लिंग ओळखायला लावणारी बाई मी, मलाच लाज वाटली. तुला विचारावं असं काही मनात आलं नाही. कळलं होतं ना मला सगळं. दुसऱ्या दिवसापासून मी तुला ‘ती’ केलं. ‘ती झोपली आहे.’ ‘तिला सांगते.’ तुझ्याशी बोलताना मालवणीही सोडली आणि शुद्ध बोलायला लागले. माझ्या मते मी तुझा मान राखत होते.

मग तू गप्प होत गेलीस. पहिल्या मे महिन्यात रतांबे फोडायला माझ्या शेजारी येऊन बसलीस, तेव्हा मला वाटलं तुझे हात रंगतील, तुला ते आवडायचं नाही. “राहू दे, तू आत बस,” म्हटलं मी. तू उठलीस, आणि मी खूश, की बरोबर ओळखलं. ताट तुला आधी वाढायची, चांगली उशी तुला द्यायची, तरी तुझा चेहरा खुलेना. मी समजले, पोरीला आमचं गाव रुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू बॅग घेऊन निघालीस तो दिवस मला रोज आठवतो. रिक्षा उभी होती. फाटकाशी वळून तू म्हणालीस, “येतंय हां.” मला वाटलं जाताजाता आमच्या बोलीची नक्कल करतेस, टोमणा मारतेस. मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, “सांभाळून जा.” आमच्याकडे निघालेल्या माणसाला कोणी ‘जा’ म्हणत नाही, ‘बेगीन ये’, लवकर ये, म्हणतात. हे मला ठाऊक होतं, आणि तोवर तुलाही झालं होतं.

खरं काय झालं होतं ते हौसाबाईनं मला परवा सांगितलं. ज्या दुपारी तुझा चेहरा उतरला, त्याच संध्याकाळी तू तिच्याकडे गेली होतीस म्हणे. मला ‘तां’ का म्हणतात, असं विचारलंस. ती हसली आणि म्हणाली, “आपल्या चेडवाक, लेकीक तां म्हणतत गो. परक्या बायलेक ती.” तू म्हणे लाजलीस, आणि खुशीत घरी आलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला ‘ती’ म्हटलं. अक्षया, त्या सकाळी तुला काय वाटलं असेल, तेच दोन दिवस माझ्या डोक्यात आहे. हौसाबाईला विचारलं, मला तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणते, “माका वाटलां, तुमचां काय तरी वाजलां. मधी कित्याक पडू?” म्हणजे तिनंही मनानंच ठरवलं.

तुझं आणि सुदेशचं का तुटलं ते मी विचारणार नाही. वर्षातले आठ महिने जो पाण्यावर, त्याच्याशी संसार कसा होतो ते मला माहीत नाही. पण तो नसताना या घरात तुझं माणूस मीच होते, आणि मी तुला चार वर्षं पाहुणी करून ठेवलं. माझं चुकलं.

आता त्या कागदाचं. तुझं नाव माहेरच्या रेशनकार्डावर चढवायला आमच्या कार्डावरून ते कमी केल्याचा दाखला लागतो, असं सुदेशनं कळवलं. म्हणून सोमवारी मालवणला तहसीलमध्ये गेले. खिडकीतला कारकून घाटावरचा. त्यानं विचारलं, “ती आता इथे राहत नाही ना?” कचेरीत मी नेहमी शुद्ध बोलते. त्या दिवशी तोंडातून निघालं, “नाय. तां कराडाक असता.” त्याला कळेना. “ते म्हणजे कोण?” मी म्हटलं, “आमचां चेडू.” त्यानं अर्जातल्या ‘सून’ या शब्दाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडात आला, तो तुझं नाव काढायला गेल्यावर. घरी येऊन हौसाबाईपुढे रडले, तेव्हा ती सगळं बोलली. दाखला सोबत आहे, नीट ठेव, दुसरा मिळवायला फार खेपा पडतात. तू आता इकडे पाऊल टाकणार नाहीस असं मला वाटतं. पण या वेळी मी मनानं ठरवत नाही, तुला विचारते. रतांबे अजून पंधरा दिवस आहेत. येशीत गो?

तुझीच,
आचऱ्याची आई