तीन सेंटिमीटर कमी भरलेल्या तलावाबाबत

प्रति,
मा. सचिव, निवड व नोंदणी विभाग,
जलतरण महासंघ, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : शंभर मीटर मुक्त शैलीतील खेळाडूचे (वय १७) देशाच्या संघातून वगळलेले नाव पूर्ववत करणेबाबत, ते शक्य नसल्यास वगळण्याचे खरे कारण लेखी कळवणेबाबत.

संदर्भ : आपली पत्रे दि. ४ मार्च, १३ मार्च व २१ मार्च (शेवटचे पत्र संघाचे जाकीट परत मागणारे).

महोदय,

अर्जदार हा वरील खेळाडूचा पिता असून टाइल बसवण्याचे काम करतो. लिहिण्याची सवय नाही, तरी चूकभूल पोटात घालावी.

१. सदर मुलगी आठव्या वर्षापासून आमच्या भागातील तलावावर पोहते. भिंतीपाशी ती गर्रकन उलटी फिरते म्हणून तलावावर तिला सगळे भिंगरी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ती कनिष्ठ गटात देशाकडून पोहली व सहावी आली. परत आल्यावर आठ दिवस तलावाकडे फिरकली नाही, नवव्या दिवशी पहाटे पाचला तलावावर हजर. तिच्या प्रशिक्षकांनी तेव्हाच सांगितले होते की ही पोरगी आता थांबायची नाही.

२. तलावाच्या उथळ बाजूच्या भिंतीवरील टाइल फुटल्या होत्या. वळताना मुलीची टाच कापली जाई. जानेवारीत ती तिसऱ्यांदा लंगडत घरी आली तेव्हा अर्जदाराने व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, स्वखुशीने, चार दिवसांत ती भिंत नव्याने करून दिली. काम पाहून व्यवस्थापक खूश झाले. मुलीने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, ही तर आरशासारखी झाली."

३. फेब्रुवारीत त्याच तलावात निवड चाचणी झाली. मुलीने पात्रतेच्या वेळेपेक्षा एकेचाळीस शतांश सेकंद लवकर भिंत गाठली. तिची निवड झाली, जाकीट घरी आले. त्यानंतर दुसऱ्या एका खेळाडूच्या पालकांनी हरकत घेतली, मोजणी झाली आणि तलाव पन्नास मीटरला तीन सेंटिमीटर कमी भरला. त्या पालकांवर अर्जदाराचा राग नाही. मोजमाप खरे आहे. अर्जदाराने स्वतः टेप लावून पाहिले, दोनदा.

४. दोन फेऱ्यांचे मिळून सहा सेंटिमीटर होतात. मुलीच्या वेगाने ते अंतर चार शतांश सेकंदांत पार पडते, म्हणजे तरीही ती सदतीस शतांशांनी पुढे राहते. यावर आपल्या कार्यालयाने कळवले की वेळ मोजायची असते, हिशेबाने काढायची नसते. हे मान्य. म्हणून पुन्हा चाचणी घ्यावी अशी विनंती केली. उत्तर आले की फेरचाचणी फक्त वैध वेळ असलेल्या खेळाडूचीच घेता येते. वैध वेळ नाही म्हणून चाचणी नाही आणि चाचणी नाही म्हणून वैध वेळ नाही. अर्जदाराने ते पत्र प्रशिक्षकांना दाखवले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि परत दिले. मुलगी मात्र म्हणाली, "सहाच सेंटिमीटर राहिलेत ना? मी येऊन पोहून देते. कुठे यायचं तेवढं विचारा त्यांना." सबब ते विचारीत आहे.

५. भिंत पूर्ववत करून देण्याचीही अर्जदाराची तयारी होती. परंतु व्यवस्थापक म्हणतात, महासंघाचे पत्र आणा, मग भिंतीला हात लावा. महासंघाचे म्हणणे, आधी भिंत नीट करा, मग तलावाबाबत पत्र देऊ. दरम्यान तलाव रिकामा करून कुलूप लावले आहे. मुलगी घरात दोन स्टुलांवर पालथी पडून हात मारते. तिची आई स्वयंपाकघरातून घड्याळ बघून वेळ सांगते, कशाची ते दोघींनाही ठाऊक नाही. नावे पाठवण्याची मुदत ३१ तारखेस संपते.

६. जाकीट न वापरलेल्या स्थितीत परत मागितले आहे. ते एकदा वापरले आहे. मुलगी ते घालून कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेली होती आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आली. पाठीवर देशाचे नाव होते, त्यामुळे तिला रागावता आले नाही. आईने जाकीट धुऊन ठेवले आहे.

७. आता जे लिहायचे ते लिहितो. नवी टाइल लावण्याआधी जुनी खरवडून काढावी लागते. अर्जदार हे काम बावीस वर्षे करतो, हे त्याला कुणी शिकवायला नको. पण खरवडण्यातच आठवडा गेला असता आणि तेवढे दिवस मुलीचा सराव बुडाला असता. म्हणून जुन्या टाइलवरच सिमेंटचा थर देऊन नवी बसवली. थर दोन सेंटिमीटर, टाइल एक. न्हाणीघरात असे केले तर कुणाचे काही बिघडत नाही.

मोजणी झाली त्या संध्याकाळी मुलीने जेवताना विचारले, "बाबा, जुनी काढली होती ना?" अर्जदार हो म्हणाला. तिने पुन्हा विचारले नाही. तेव्हापासून ती, आई आणि प्रशिक्षक मिळून तलाव बांधणाऱ्या जुन्या ठेकेदाराला दोष देतात आणि अर्जदार मान डोलावतो.

सबब विनंती की, ३१ तारखेच्या आत पन्नास मीटरच्या कोणत्याही तलावात मुलीला एकदा पोहू द्यावे. ते नियमात बसतच नसेल, तर नकाराच्या पत्रात कलम क्रमांक न घालता सरळ लिहावे की, भिंत वडिलांनी जाड केली, खेळाडूची चूक नाही. पत्र अर्जदाराच्या नावे न पाठवता मुलीच्या नावे पाठवावे. आपल्या कार्यालयाचे पाकीट घरात तीच आधी उघडते. अर्जदाराच्या तोंडून हे निघत नाही.

आपला नम्र व चुकलेला,
(सही)
टाइल कारागीर, खेळाडूचा पिता
दि. २६ मार्च

सोबत :
१. आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.
२. जाकीट, धुतलेले.
३. उथळ बाजूच्या भिंतीची एक टाइल, मागच्या सिमेंटसह व त्याला चिकटून आलेल्या जुन्या टाइलसह. ही अर्जदाराने विनापरवानगी काढली आहे. मुलीने पत्र वाचूनही विश्वास ठेवला नाही, तर तिला दाखवण्यासाठी जपून ठेवावी.