अठरा तारखेचा ताप मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
परीक्षा विभाग, मुख्य इमारत, तळमजला.

विषय : मागील महिन्याच्या १८ तारखेस मला ताप नव्हता, याबाबत, तसेच हजेरी क्रमांक ३१ यांना परीक्षेस केलेली मनाई उठविण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २४ चा अर्ज, वैद्यकीय दाखल्यासह (मंजूर).
२) आपली दि. २ ची सूचना. यादी 'अ' : गैरहजेरी माफ. यादी 'ब' : खोटी हजेरी दिल्याने परीक्षेस मनाई.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी, तृतीय वर्ष अर्थशास्त्राचा विद्यार्थी, हजेरी क्रमांक ४३, आपणांस कळवितो की, संदर्भ १ च्या अर्जात मी दि. १८, गुरुवार रोजी तापाने फणफणून घरी पडून असल्याचे लिहिले होते. ते धादांत खोटे आहे. त्या दिवशी मला साधी सर्दीही नव्हती. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी आपल्याच महाविद्यालयाच्या खोली क्रमांक चौदामध्ये उभा होतो. असे असताना मी तसे का लिहिले, हे सांगायला हा अर्ज नेहमीपेक्षा लांबला आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावा, कारण ज्यांच्यासाठी लिहिला आहे त्यांचा उल्लेख जरा उशिरा येतो.

१. प्रवेश अर्जातील 'नोकरी करीत असल्यास स्वरूप' या रकान्यात मी 'खासगी, कार्यालयीन' असे लिहिले होते. ते इतपतच खरे आहे की मी कार्यालये झाडतो. आपल्या इमारतीच्या साफसफाईचे काम ज्या कंत्राटदाराकडे आहे, त्याच्याकडे मी अडीच वर्षांपासून सफाई कामगार आहे. बिल्ला क्रमांक १७. पाळी सकाळी सहा ते दहा. दुसरा मजला, दोन जिने आणि शिक्षकांचे प्रसाधनगृह. दहा वाजले की बादल्यांच्या खोलीत गणवेश उतरवून, हात दोनदा साबणाने धुऊन मी दुसऱ्या तासिकेस विद्यार्थी म्हणून बसतो. संध्याकाळी एका दवाखान्यात केर-फरशी करतो आणि केसपेपर क्रमाने लावतो. आईला हे सर्व ठाऊक आहे. ती म्हणते, चोरी केलीस का, मग लाज कसली? तिचे म्हणणे योग्य आहे. पण मला लाज वाटते. अडीच वर्षांत एकाही वर्गमित्राला मी हे सांगितलेले नाही. व्हरांड्यात कोणी ओळखीचे येताना दिसले की मी भिंतीकडे तोंड करून कोपरा घासू लागतो. त्या कोपऱ्यांचा रंग गेला आहे.

२. अडचण पहिल्या तासिकेची होती. ती नऊ दहाला सुरू होते आणि माझी पाळी दहाला सुटते. सोमवारी माझी सुट्टी असल्याने सोमवारी मी वर्गात बसू शकतो. उरलेल्या दिवसांसाठी मी जी व्यवस्था केली ती नियमात बसत नाही, याची मला कल्पना आहे. मी नऊ ते दहा हा वेळ खोली चौदासमोरच्या व्हरांड्यासाठी राखून ठेवला. दार उघडे असते. प्राध्यापक महोदय हजेरी घेताना मान वर करीत नाहीत. (ही तक्रार नव्हे. त्यांच्या या सवयीवरच माझे शिक्षण उभे आहे.) त्रेचाळीस म्हटले की मी दाराच्या चौकटीआडून 'हजर सर' म्हणत असे आणि पुढे पंचेचाळीस मिनिटे तीच पंधरा फूट फरशी पुन्हा पुन्हा पुसत व्याख्यान ऐकत असे. मुकादमाने दोनदा विचारले, "काय रे, इथं काय सोनं सांडलंय का?" मी म्हटले, मुलं फार घाण करतात. मागील सत्रात तपासणी समितीने दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्याचे खास कौतुक केले आणि कंत्राटदारास प्रशस्तिपत्र मिळाले, हे आपणांस स्मरत असेल. त्याचे खरे कारण 'मागणी व पुरवठा' हे प्रकरण तेव्हा नऊ दिवस चालले होते, हे आहे.

व्हरांड्यातून ऐकू सर्व येते, फळा मात्र दिसत नाही. त्यामुळे माझ्या वहीत 'ही रेषा इथून अशी वर जाते आणि तिला ही दुसरी इथे छेदते' असे शब्दशः उतरवलेले आहे. कुठून कशी जाते ते मला कळत नसे.

३. ते मला ज्यांच्यामुळे कळले त्या हजेरी क्रमांक ३१. वय चौतीस. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांनी पुन्हा शिक्षण सुरू केले. मुलगी पाचवीत आहे. सगळा वर्ग त्यांना ताई म्हणतो, म्हणून मीही पुढे तसेच लिहितो. ताई दुपारनंतर एका लाँड्रीत कामाला असतात. आमच्या कंत्राटदाराचे गणवेश धुवायला तिथेच जातात, हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या वर्षी एकदा दुपारच्या जादा पाळीत मुकादमाने मला गणवेशांचे गाठोडे घेऊन पाठवले, तर काउंटरवर ताई. त्यांनी गाठोडे सोडले, एकेक गणवेश मोजला, सतरा नंबरचा उसवलेला खांदा पाहिला, अंगावर गणवेश घालून समोर उभ्या असलेल्या मला पाहिले आणि पावती दिली. दोघांनीही ओळख दाखवली नाही. पुढच्या खेपेला सतरा नंबरचा खांदा शिवून आला. त्या आठवड्यापासून दर शनिवारी ताई आपली आलेखांची वही न मागता माझ्यापुढे ठेवू लागल्या. कारण सांगितले नाही, मी विचारले नाही. असे दीड वर्ष चालले. माझ्यावर एवढा उपकार आणखी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

४. आता दि. १८. त्या दिवशी हजेरी चालू असताना पुढच्या बाकावरून पाण्याची बाटली लवंडली आणि पाणी वह्या-दप्तरांपर्यंत पसरले. प्राध्यापक महोदय वहीतून नजर न काढता म्हणाले, "बाहेर कोणी सफाईवाला असेल तर बोलवा." बाहेर मीच होतो. तेवढ्यात मुकादमही जिन्यावर आला व त्यानेही, "जा की, बघतोस काय," असे म्हणून मला आत ढकलले. हजेरी सदतिसावर आली होती. म्हणजे माझा क्रमांक यायला पाच क्रमांक मधे होते. मी ते पोछा फिरवताना मोजले. मनाशी ठरवलेही होते की, आता आत आलोच आहोत तर उभे राहून स्वच्छ आवाजात 'हजर' म्हणून टाकायचे, होऊ दे काय व्हायचे ते. चाळिसाला माझ्या शेजारी सोमवारी बसणाऱ्या मित्राने पाय वर घेतले आणि खाली न पाहता म्हणाला, "दादा, इथंही राहिलंय." मी त्याला "हो साहेब" म्हणालो. सोमवारी याच मित्राच्या डब्यातले मी खाल्ले होते. त्याला साहेब म्हटल्यावर उभे राहून 'हजर' म्हणायचा तो बेत मी तिथेच पुसून टाकला.

त्रेचाळीस पुकारला गेला. मी बाकाखालचे पाणी पुसत राहिलो. पुन्हा पुकारला गेला. तेव्हा ताई म्हणाल्या, "आहे सर. इथंच आहे."

प्राध्यापक महोदयांनी त्या वर्षात पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, "कुठं आहे? उभा राहा." महोदय, मी उभाच होतो. साठ जणांनी वळून वर्गभर पाहिले, आणि त्यातल्या एकाचीही नजर माझ्यावर थांबली नाही. फक्त ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी बादलीत पाहिले आणि पोछा पिळू लागलो. तो आधीच पिळलेला होता.

ताई उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक झाली सर," आणि खाली बसल्या. वर्ग हसला. मागून कोणीतरी, "ताई, या वयात दुसऱ्याची हजेरी लावता?" असेही म्हणाला. प्राध्यापक महोदयांनी त्यांचा क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून घेतला. मी बादली उचलून बाहेर आलो. जाताना दार ओढून घेतले, एवढे मला लख्ख आठवते, कारण एरवी ते मी कधीच ओढत नसे.

५. त्यानंतर मी ताईंसाठी काहीतरी करायला हवे होते. मी स्वतःसाठी केले. सत्राच्या हजेरीचा हिशेब लागला तेव्हा छप्पन्न तासिकांपैकी माझ्या एक्केचाळीस भरल्या होत्या आणि पंचाहत्तर टक्क्यांना बेचाळीस लागतात. एक दिवस कमी. तो कुठला, हे मला पाहावे लागले नाही. दवाखान्यातल्या एका सहकाऱ्याकडे दाखल्याचा विषय काढला तर तो म्हणाला, "कशानं आजारी पडायचंय तेवढं सांग." मग स्वतःच म्हणाला, "ताप लिहितो, तापाला कोणी काही विचारत नाही." डॉक्टरांना यातले काही ठाऊक नाही. त्या सहकाऱ्यास कृपया विचारणा करू नये, दोष माझा आहे. तो दाखला जोडून मी दि. २४ रोजी अर्ज केला आणि आपण उदार मनाने मंजूर केला.

६. दि. २ रोजी आपली सूचना लागली. यादी 'अ' मध्ये मी, यादी 'ब' मध्ये ताई. ताईंनी आपणांस खुलासा दिला होता की, सदर विद्यार्थी वर्गात आहे असे त्यांना दिसले म्हणून त्या बोलल्या. पोछा, बादली, गणवेश यांपैकी एकही शब्द त्यांनी खुलाशात लिहिला नाही. त्यावर आपले उत्तर असे : 'सदर विद्यार्थी त्या दिवशी आजारी असल्याचा वैद्यकीय दाखला कार्यालयात दाखल असल्याने आपला खुलासा खोटा ठरतो.' मी गणवेशांचे गाठोडे घेऊन गेलो तेव्हा हे पत्र त्यांनी लाँड्रीच्या काउंटरवर माझ्या हातात दिले. मी वाचले. मला वाटले त्या आता चार शब्द सुनावतील, आणि खरे सांगायचे तर सुनावले असते तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "तुझी लाज मी राखली, त्याचं काही नाही. पण मी खोटं बोलले का, तेवढं सांग." त्यांच्या घरी ठरलेले आहे की हे शेवटचे वर्ष. आता परीक्षा बुडाली तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, असे त्यांचे यजमान पहिल्या वर्षीच बोलून बसले आहेत आणि ते शब्दाचे पक्के आहेत. मुलीने शाळेत मैत्रिणींना सांगून ठेवले आहे की आई यंदा पदवीधर होणार. तिला काय सांगायचे, असे ताईंनी मला विचारले नाही. मुलगी तिथेच काउंटरमागे गृहपाठ करीत बसली होती. मी पावती न घेताच निघून आलो.

७. सबब विनंती की,

(अ) माझा दि. २४ चा अर्ज, दाखला आणि ताप रद्द समजावा व माझे नाव यादी 'अ' मधून काढावे. खोटा दाखला दिल्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी.

(ब) ताईंवरील मनाई परीक्षेपूर्वी, म्हणजे दि. १३ पूर्वी, उठवावी. मी त्या वेळी खोली चौदात होतो याचा लेखी पुरावा आहे. मुकादमाच्या नोंदवहीत त्या दिवशी 'खोली १४, पाणी सांडले, बि. नं. १७ आत पाठविला, ९.२०' अशी नोंद आहे. तिची प्रत मागताना मुकादमास कारण सांगावे लागले. त्यामुळे कामाचे काय होईल हे आज सांगता येत नाही.

(क) ताईंना वर्ग हसला होता, म्हणून हा अर्ज त्याच वर्गापुढे पहिल्या तासिकेस वाचण्याची मला परवानगी मिळावी. सोमवार देऊ नये. सोमवारी मी शर्टात असतो. मंगळवार द्यावा.

(ड) शेवटचे माझ्या हजेरीबाबत. अठरा तारीख धरली तर माझे बेचाळीस दिवस भरतात, म्हणजे बरोबर पंचाहत्तर टक्के. हा मुद्दा मी पहिल्या मसुद्यात सर्वांत वर लिहिला होता. नंतर खाली आणला, कारण एक्केचाळिसांपैकी बाराच दिवस मी वर्गात बसलो आहे. उरलेले एकोणतीस व्हरांड्यातले आहेत. ते नियमात बसत नसतील तर बेलाशक खोडावेत, माझी हरकत नाही. तेवीस टक्क्यांवर परीक्षेस बसता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र एकोणतीस खोडताना अठरा तारखेपुढे 'हजर' एवढे लिहावे. ताईंनी आहे म्हणून सांगितले, तेव्हा मी होतो.

आपला शरमिंदा,

(सही)
हजेरी क्रमांक ४३, तृतीय वर्ष अर्थशास्त्र
बिल्ला क्रमांक १७, दुसरा मजला
दि. ४, शनिवार

सोबत :
१) मुकादमाच्या नोंदवहीतील दि. १८ च्या पानाची प्रत.
२) कामगार हजेरीपटाची प्रत, दि. १८.
३) विद्यार्थी ओळखपत्र व कामगार ओळखपत्र, दोन्हींच्या प्रती. फोटो एकच आहे.