नऊ वर्षांपूर्वीचा पाय

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला तीन मेल टाकले, तिन्ही परत आले. तुझी मेलपेटी भरलीय म्हणे. फोनवर सांगितलं तर तू ‘बरं बरं’ म्हणून पुन्हा बुटांच्या शिलाईला बसशील, म्हणून कागदच धरला.

चूक माझी आहे. तुझ्या क्लाउडचे पैसे माझ्या कार्डावरून जायचे. कार्ड बदललं आणि मी नवीन घालायला विसरले. इशारे माझ्याकडे येत होते, मी जाहिराती समजून उडवत होते. आता तिथलं काढून घेता येतं, नवीन ठेवता येत नाही. ३० एप्रिलनंतर सगळं पुसतील.

ज्यांना बाजारचा बूट चालत नाही अशा तुझ्या अकराशे गिऱ्हाइकांचे तू आखलेले पाय आहेत तिथे. स्कॅन झाल्यावर मूळ कागद मीच हट्टाने रद्दीत घालायला लावले. आठवलं की घास उतरत नाही. तू हो म्हण, मी आजच पैसे भरते.

राग कर, लोभ कमी करू नकोस.

तुझी ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रागावले. झालं, आता कामाचं बोलू. पैसे भरायचे नाहीत. आज तू विसरलीस, उद्या मी विसरेन, आणि दर वेळी जीव टांगणीला. मी सगळं उतरवून घेऊन कागदावर छापणार. दुकानातला कॉम्प्युटर दिसतो माझ्याच वयाचा. पंधरा फायली घेतो आणि बसतो. मग मीही बसते. पण रोज तीस होतात म्हणजे होतातच.

प्रत्येक कागद बघून छापते. पोस्टमनच्या डाव्या टाचेशी ‘चामड्याच्या दोन पट्ट्या’ असा माझा शेरा आहे. तो अजून चालतोय, म्हणजे बरोबरच लिहिलं होतं.

वेळेवर जेव. माया आहेच.

आत्या

८ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आठशे झाले. आज तुझी फाइल आली. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून दर वाढदिवसाला मी तुझे पाय आखले, डावा कायम बोटभर आखूड. शेवटचा कागद नऊ वर्षांपूर्वीचा. माझा बूट फार तर चार वर्षं टिकतो. मग गेली पाच वर्षं तू कुणाचे बूट घालतेस? विचारलं की ‘मस्त चाललंय’ म्हणतेस. खरं लिही. तोवर तुझे कागद छापायचे थांबवलेत.

आत्या

१५ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. बाजारचेच घालते, डाव्यात पुढे कापूस कोंबून. ऑफिसात सगळ्यांसारखे दिसावेत म्हणून. दोन वर्षं कंबर धरलीय. तुझ्या हातचं सोडलं हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? लाज वाटली, आत्या, अजून वाटते.

सोबत दोन्ही पाय आखून पाठवलेत. या मापाचे बूट कर. आणि माझ्यापायी मुदत टळू देऊ नकोस.

माझ्यावरची माया पुसू नकोस.

तुझी ठकू

२२ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

अकराशेच्या अकराशे उतरले. शेवटच्या कागदानंतर प्रिंटरने मान टाकली. तुझेही सगळे छापले. माझा रुसवा आठवडाभरच टिकला.

तू पाठवलेला कागद मात्र परत पाठवतेय. स्वतःच आखलास ना? वाकलं की अंगाचं वजन पुढे येतं आणि पाय पसरतो. पाय नेहमी दुसऱ्याने आखायचा असतो, लहानपणापासून बघतेयस तू. या रेघेवर केलेला बूट वाकलेल्या बाईचा होईल. मला तू सरळ उभी हवीस.

गठ्ठ्यात सगळ्यात वर एक कोरा कागद ठेवलाय, कोपऱ्यात तुझं नाव घालून. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या पायाशी बसण्यापुरते शाबूत आहेत. रविवारी ये. तू फक्त उभी राहा.

वाट बघणारी,
आत्या