पाच फूट टेप

९ जुलै, मंगळवार

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच घालता येतो, तेव्हा गोड मानून घे. तुझी साखर आटोक्यात आहे असं वहिनीकडून कळलं. माझं ठीक चाललंय. दर पंधरवड्याला फोनवर बोलतो, मग पत्राचं खूळ कुठून आलं, असं तुला वाटेल. फोनवर तू "हं, बोल" म्हणालास की मी हवापाण्यावर घसरतो, म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे सध्या सूनबाईचं राज्य आहे. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढते आणि संध्याकाळी जुन्या रेकॉर्डी ऐकते. त्यातही तिचं वेड भलतंच. दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून ज्यांनी जन्म काढला, त्या ड्रमरांनी कधीतरी स्वतःच्या नावावर एखादी रेकॉर्ड केलेली असते ना, तेवढ्याच ती शोधते. मी आधी नाक मुरडलं. उभी हयात स्टुडिओत काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिंगच्या टेबलाशी बसून ड्रम ऐकले, आता घरीही तेच कोण ऐकणार? पण तिने एक लावली आणि माझा चहा कपातच निवला.

दादा, काय माणसं होती रे ही. एकाने अख्खी बाजू काठ्यांऐवजी नुसत्या तारेच्या ब्रशांनी वाजवली आहे. शेजारच्या खोलीत कुणी हलक्या हाताने चादर झटकावी तसं वाजतं, आणि तरी पाय ठेका सोडत नाही. दुसरा जन्मभर गायकांच्या मागे धाड धाड करत बसला, पण स्वतःच्या रेकॉर्डवर सात मिनिटं एकाच झांजेला हात लावलाय, तोही कडेकडेने. आम्हाला वाटायचं, संधी मिळाली की हे लोक सगळी हौस फेडून घेतील, घर डोक्यावर घेतील. उलटंच आहे. जितका मोठा वाजवणारा, तितका तो स्वतःच्या रेकॉर्डवर कमी वाजवतो. कव्हरवरच्या फोटोतही अर्धे झांजेआड लपलेले. सूनबाई म्हणते, "बाबा, यांना पुढे उभं राहायची सवयच नव्हती." मी म्हटलं, "सवय नव्हती असं नाही गं. गरज नव्हती."

मग मागच्या रविवारी तिने तुझी आणली.

कुठल्याशा दुकानात तळाशी सापडली म्हणे. तू माझा भाऊ आहेस हे तिला ठाऊक होतं, तू कधी स्वतःची रेकॉर्ड केली होतीस हे ठाऊक नव्हतं. मीच कधी सांगितलं नाही. ती माझ्यावर रागावली, आणि बरोबर होतं तिचं.

पहिली बाजू ऐकताना मी दोनदा उठून खिडकीशी गेलो. तुझा डावा हात मी विसरलोच होतो. उजवा सगळ्यांचा चालतो, पण तुझा डावा हात समोरच्या स्नेअर ड्रमवर जे पुटपुटत राहतो, ते मी आजवर दुसऱ्या कुणाकडे ऐकलं नाही. पोरगी तोंडाला हात लावून बसली होती.

दुसऱ्या बाजूला तो अकरा मात्रांचा तुकडा लागला. मधे तू थांबतोस आणि पुन्हा येतोस, तिथे सूनबाई बोटांच्या पेरांवर मोजत होती. तिने सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, इथे आठ मात्रा कुठे गेल्या?"

मी बाथरूमला जातो म्हणून उठलो.

आता लिहितो. तुझी कामाची पद्धत तुला आठवत असेल. वाजवून झालं की काठ्या पिशवीत आणि तू पुढच्या स्टुडिओत. ऐकायला कधी थांबला नाहीस. "बारक्या आहे ना तिथे," म्हणायचास. स्वतःच्या रेकॉर्डलाही तेच केलंस. मी संपादनाला बसलो आणि मधेच अकरा सेकंद काहीच नाही. मला वाटलं, दादा मोजायला विसरला. इतरांच्या गाण्यांत तू चार मात्रांच्या वर कधी थांबलाच नव्हतास. मला वाटलं, कुणाच्या लक्षात यायच्या आत आपण सावरून घ्यावं. ब्लेड घेतलं आणि चार सेकंद कापले. पाच फूट टेप. मोजून नाही, कानाला बरं वाटेल इतकं.

रेकॉर्ड छापून आली तेव्हा तू आमच्याकडे बसून ऐकलीस. त्या जागेला आलास आणि म्हणालास, "मी आठ मात्रा आधी आलो रे. मोजताना उडी मारली." तेव्हाच मला कळलं की माझे चार सेकंद म्हणजेच त्या आठ मात्रा; तू दोन पुरी आवर्तनं, बावीस मात्रा, थांबला होतास आणि अचूक समेवर आला होतास. आणि मी तुला काय म्हणालो? म्हणालो, "होतं असं कधी कधी."

त्या नोकरीला मला तूच चिकटवलं होतंस. सगळीकडे सांगायचास, माझ्या भावाचा हात ब्लेडवर बसलाय. त्या दिवशी लाजेने बोललो नाही. पुढे तू दुसऱ्या रेकॉर्डचं काम मोडलंस. ज्याला अकरा मोजता येत नाहीत त्याने दुसऱ्यांच्याच मागे बसावं, असं म्हणालास. त्यानंतर तर माझी जीभच उचलली नाही. चौतीस वर्षं तू स्वतःला चुकीचा समजत आलास आणि मी तुला समजू दिलं.

कापलेला तुकडा टाकायचा नाही, ही आमची शिस्त. तो माझ्या डब्यात होता, मूळ टेपही होती. परवा तो तुकडा मूळ टेपला परत जोडला. जोड नीट बसलाय. आज सूनबाईने पेरांवर बावीस मोजले आणि तू आलास. ती रडली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकांना आजच लिहा."

जोडलेल्या टेपची सीडी सोबत पाठवतो आहे. ऐकून झाल्यावर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. नाही बोललास तरी मला तक्रार करायला जागा नाही. पण दादा, या वेळी शेवटपर्यंत बसून ऐक. तू एकही मात्रा चुकला नव्हतास.

तुझा अपराधी,
बारक्या