शनिवारचा काळा दोरा

पोरी, शनिवारची कॉपी हरवली नव्हती. ती माझ्याकडेच आहे. सोळा वर्षं झाली, तांदळाच्या डब्यात, तू दिलेल्या स्टीलच्या डबीत, काळा दोरा बांधलेली, होती तशीच आहे. सगळ्यांना मी सांगितलं की किन्हवलीच्या एसटीत पदराची गाठ सुटली आणि पडली कुठेतरी. माझ्या पदराची गाठ सुटत नाही हे एकट्या तुला ठाऊक होतं, आणि तू नव्हतीस, म्हणून खपून गेलं.

आज हे सांगायला बसले कारण दवाखान्यातलं कोपऱ्यातलं मशीन उद्या भंगारात चाललंय. तुझ्या खुर्चीवर आता जी बसते ती हा निरोप घेऊन आली. तू तिला बघितलेलं नाहीस. तू गेल्यावर आली, मुरबाडची आहे, तेव्हा वेणी घालायची, आता चष्मा लावते. मला अक्षर येत नाही. तू दोनदा पाटी घेऊन माझ्यापुढे बसलीस आणि दोन्ही वेळा मी चहाचं निमित्त काढून उठले, तेव्हा चूक तुझी नाही. म्हणून हीच लिहून घेते आहे. म्हणजे जिला खोटं सांगितलं तिच्याच हाताने खरं लिहून घेते. पहिल्या ओळीलाच तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही गो, थांबलीस तर मी परत खोटं बोलेन.

तुझी-माझी ओळख शिव्यांनी झाली. शिव्या तू दिल्या नाहीस, पण तोंड तसंच केलं होतंस. मी दवाखान्यात झाडू-पोछा आणि चहा करायची. टेबलं तीन होती. दारातलं तुझं, जिथे आलेल्या माणसाचं नाव लागायचं, मग औषधं देणाऱ्या भाऊचं, आणि आत डॉक्टरांचं. तिघांपुढे टीव्हीसारखं मशीन. चौथं मशीन कोपऱ्यात, त्याच्यापुढे ना टीव्ही ना माणूस. मला वाटलं बिघडलेलं आहे, ठेवलंय टाकून. मी त्याच्यावर फडकं वाळत घालायची. त्या दिवशी किटलीला जागा हवी होती, म्हणून मी त्याची पिन काढली आणि किटलीची लावली. पाणी अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं तोच तिन्ही टेबलांवरून ओरडा. तू धावत आलीस, किटलीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस.

"मावशी, कोणी सांगितलं हे बंद करायला?"

"चालू ठेवायलाबी कोणी नव्हतं सांगितलं."

बाहेर बसलेली माणसं हसली आणि तुझे डोळे भरले. तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं मोडलंय. दोन दिवस तू जेवायला उठली नाहीस. मी डबा उघडून पुढे ठेवायची आणि तसाच झाकून न्यायची. तिसऱ्या दिवशी ते चालू झालं, आणि तू मला हाताला धरून त्या कोपऱ्यात नेलंस. मला वाटलं आता कामावरून काढते. तर तू म्हणालीस, "हा झोपलेला नाय मावशी, डोळे मिटून काम करतो. आलेल्या सगळ्या माणसांची फाइल याच्याच पोटात आहे. आमच्या टेबलांवर नुसत्या खिडक्या." मी विचारलं, म्हणजे कणगी एक आणि सुना तीन? तू म्हणालीस, हो. मग भांडणं होणारच, मी म्हटलं. तू इतकी हसलीस की औषधांचा भाऊ बघायला आला.

आणि ज्या बाईने फाइल मोडली तिच्याच हवाली तू फाइल केलीस. असला न्याय मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. तू म्हणालीस, रोज संध्याकाळी फाइलची एक कॉपी काढायची आणि ती इथे ठेवायची नाही, इथे आग लागली किंवा पाणी भरलं तर दोन्ही जातील. ती दुसऱ्या गावात झोपली पाहिजे. तू वाशिंदची, रोज गाडीने आसनगावला उतरून येणारी. गर्दीत पर्स मारली जाते म्हणायचीस. "तुझ्या पदराला कोण हात लावणार?" मी म्हटलं, या वयात कोणी लावला तर आभार मानीन. सहा पेन ड्राइव्ह आणलेस, एकासारखा एक, आणि मला वाचता येत नाही म्हणून शिवणाचा डबा मागितलास. सोमवारी महादेवाचा पांढरा दोरा, मंगळवारी गणपतीचा लाल, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी देवीचा हिरवा, शनिवारी काळा. बुधवारचं अडलं. मी म्हटलं, बुधवार कुठल्या देवाचा मला नाय माहीत, उरलेला निळा बांध. वर ही डबी दिलीस, घट्ट झाकणाची, ज्याचा वार तो त्यात न्यायचा-आणायचा, बाकीचे माझ्या घरी. "मशेरीच्या डबीपासून लांब ठेव. नायतर सकाळी फाइलने दात घासशील."

पाच वाजले की माझी फेरी असायची. तिघांनी फाइल बंद केल्याशिवाय कॉपी काढायची नाही हा तुझा नियम. एक जण जरी आत असला तरी कॉपी कच्ची निघते. शिजता भात वाढून नेल्यासारखं, हे मी माझ्यापुरतं समजून घेतलं होतं. मी टेबलाटेबलाला जाऊन विचारायची, बंद केली? औषधांचा भाऊ मान न वर करता म्हणायचा, केली केली. तू मला शिकवलं होतंस की हिरवी पट्टी जाऊन डोंगराचं चित्र आलं म्हणजे बंद. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. "डोंगर दाखव." तो म्हणायचा, "मावशी, तुमी सीआयडीत जा." पण डोंगर दाखवायचा. घरी सुनेला वाटायचं मी दवाखान्यातून सोनं आणते, इतकी ती डबी जपायची.

तुझा आणखी एक नियम होता. फाइल कोणी आपल्या टेबलावर उचलून न्यायची नाही. न्यायला सोपी, कामही झरझर होतं, पण मग एका दवाखान्याच्या दोन फाइली होतात आणि दोन्ही अर्ध्या खऱ्या. मलाही तू बजावलं होतंस, "मावशी, कॉपी तुझ्याकडं असते, पण ती तुझी नाय. सगळ्यांची आहे. मागितली की द्यायची." मी म्हटलं, माझं या जगात काय आहे ते तरी सांग. तेव्हा तू हसली नव्हतीस.

एकदा तू फाइलमधलं एका म्हातारीचं कार्ड दुसरीकडे हलवत होतीस. ती आदल्या आठवड्यात गेली होती, आमच्या बाजूच्या पाड्यावरची. एक बटण दाबलंस आणि यादीतून तिची ओळ गेली, खालची ओळ वर सरकली. मला ते वर सरकणं सोसलं नाही. विचारलं, कुठं गेली? तू म्हणालीस, आहे गो, बंद नोंदीत आहे, रोजच्या यादीत फक्त दिसणार नाय. हे मी विसरले नाही.

आता तो शनिवार. तुला पाच-सहा दिवस ताप होता आणि तू गोळी खाऊन ओढत होतीस. बारा वाजता मीच तुझ्यापुढे उभी राहिले. म्हटलं, आता स्वतःचा कागद काढ. तू म्हणालीस, बाहेर माणसं थांबलीत. मी म्हटलं, तीबी बघतायत तुझ्याकडं, त्यांनाच ताप भरेल. तू तुझं कार्ड उघडलंस, मला वाचून दाखवलंस, नाव, गाव, वय, तक्रार ताप. "बघ मावशी, मीबी तुझ्या डबीत जाणार आज." डॉक्टरांनी तपासलं, गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि म्हणाले, आजच ठाण्याला जाऊन रक्त दाखव, उद्यावर टाकू नकोस. तू पर्स काढलीस. ती पर्स मला आताही दिसते, चॉकलेटी, एका बाजूचा पट्टा सेफ्टी पिनने लावलेला.

तू थांबलीस. संध्याकाळी पाचपर्यंत थांबलीस. औषधांचा भाऊ जेवायला गेला होता आणि त्याच्या टेबलावर फाइल उघडीच होती, तो आल्यावर माणसांची रीघ, बंद करायला सवड कुठली. पाच वाजता मी डोंगर बघून आले, तू कॉपी काढलीस, काळ्या दोऱ्याची गाठ मी मारली. तू म्हणालीस, सोमवारी पांढरा आण. सोमवारी तू ठाण्याच्या इस्पितळात होतीस, गुरुवारी गेलीस. ताप किडनीत उतरला होता म्हणे. डॉक्टरांनी त्या सोमवारपासूनच आठवडाभर दवाखान्याला कुलूप लावलं होतं.

मग ही आली. हिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी फाइल हळू चालते म्हणून हिने ती आपल्या टेबलावर उचलून नेली, दिवसभर तिथे काम केलं आणि संध्याकाळी परत कोपऱ्यातल्या मशीनवर टाकली. तेव्हा भाऊ त्या जुन्यावरच काम करत होता. फाइल फाटली. मग उघडेचना. तिथे मी डोंगर बघायला जायला हवं होतं, पण तू गेल्यावर मी ती फेरी सोडली होती. कोणी म्हणालं नाही, मावशी जा. डॉक्टर म्हणाले, "शेवटची कॉपी आणा." म्हणजे शनिवारची. घरी येऊन डबी उघडली आणि मला ती म्हातारीची ओळ आठवली. ही नवी पोर फाइल उघडणार, तुझं कार्ड काढणार, बटण दाबणार, आणि खालची ओळ वर सरकणार. शनिवारच्या कॉपीत तू ताप घेऊन आलेली आहेस, बाकीच्यांसारखी, बाकड्यावरच्या माणसांमध्ये. सकाळी मी हिरवा दोरा नेला. शुक्रवारचा. आणि एसटीचं खोटं सांगितलं.

शुक्रवारपर्यंतचं सगळं परत आलं. फाटलेल्या दिवसाचे कागद टेबलावरच होते, ते हिने पुन्हा भरले. शनिवार तेवढा गेला. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारेला खोचलेल्या होत्या, पण त्यांच्यावर नुसत्या गोळ्या, नाव तू थेट फाइलमध्ये भरायचीस. कोणती गोळी कोणाला, कोणाला काय चालत नाही, काही कळेना. तेव्हा मी स्टूल ओढून हिच्याजवळ बसले आणि शनिवार सांगितला. वाचता येत नाही त्या बाईला सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. बाकड्यावर कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं तसं सांगत गेले. ही विचारायची, "नाव?" मी म्हणायची, नाव काय मला ठाऊक, खोकला की मांजर पळतं तो. दोन पोरांची आई, थोरलं नाक पुसत नाय ती. डॉक्टर आतून ऐकत होते, ते नाव सांगायचे. सव्वीस माणसं मी सांगितली. तुला त्यांत धरलं नाही.

आता इथे हिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मावशी, चिठ्ठ्या सत्तावीस होत्या."

मी म्हटलं, मग तेव्हा का नाय बोललीस?

"फाइल मी फाडलेली. मी कुठल्या तोंडाने विचारणार? आणि उरलेली चिठ्ठी तापाच्या गोळ्यांची होती. डॉक्टरांनी ती तारेतून काढली, बघितली आणि शर्टाच्या खिशात घातली. ती कोणाची ते मी समजले."

म्हणजे सोळा वर्षं तिघांनाही माहीत होतं आणि एकाच छपराखाली कोणी कोणाला बोललं नाही. डॉक्टर आता नाहीत. मी कामावर असेपर्यंत माझ्या हातचा चहा पिताना कधीतरी तो खिसा चाचपायचे, मला वाटायचं पेन शोधतात.

ही म्हणते, नव्या मशीनला ती जुनी फाइल कळत नाही. उघडायची तर उद्या भंगारवाला यायच्या आत, कोपऱ्यातल्या मशीनवरच. मी विचारलं, उघडून काय करशील? म्हणाली, "तुमच्या शनिवारात एक माणूस कमी आहे, ते भरीन." आणि मग? "मग बंद नोंदीत न्यावं लागेल, मावशी." खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती तुझ्या खुर्चीवर बसते. सोळा वर्षांत आतलं पुसूनही गेलं असेल, असंही म्हणाली. तसं झालं तर मी इतकी वर्षं तांदळात नुसता दोरा जपला.

तरी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघी जाणार आहोत. कॉपी माझी नव्हती. मागितली की द्यायची होती. मी सोळा वर्षं उशीर केला.

एक राहिलं. मघाशी सांगितलं, तू थांबलीस. तू आपणहून नाही थांबलीस. दुपारी तू पर्स घेऊन दारापर्यंत गेली होतीस, आणि मी पोछा मारता मारता म्हणाले, "चाललीस? आणि माझी कॉपी? रिकामी डबी घेऊन गेले तर रविवारी मला भात गोड लागायचा नाय." गंमत केली गो. तू हसलीस, पर्स खुंटीला लावलीस आणि परत बसलीस. डॉक्टर मला नंतर म्हणाले होते की चार-पाच तासांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस होता, म्हणून त्यांच्या त्या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. उद्या ही तुझं कार्ड वाचेल तेव्हा त्यात वेळ असेल, बाराची. ती ऐकायची नव्हती म्हणूनही डबी बंद ठेवली होती. तू डबीत जिवंत आहेस म्हणून ठेवली, हे खरं आहे, पण अर्धंच.

ही विचारते, कागदाचं काय करू. पाठवणार कुठे? डबी उद्या रिकामी होईल, घडी करून त्यात ठेव म्हटलं, मशेरीपासून लांब. ड्राइव्ह देते मी. दोरा देणार नाही. तो दुपारीच सोडून कनवटीला लावलाय, आणि हे हिलाही आता लिहितानाच कळतंय.