जिवंत बुरशीची प्लेट क्र. ४१ नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
कचरा-विघटन संशोधन प्रयोगशाळा.

विषय : फ्रिजमधील प्लेट क्र. ४१ येत्या शुक्रवारी नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : 'नव्वद दिवस वाढ न दिसलेले नमुने नष्ट करणे' ही आपली सूचना.

महोदय,

मी आपल्याकडे प्रयोगशाळा सहायक असून सध्या प्रसूती रजेवर आहे. बाळ तीन महिन्यांचे आहे. ते झोपले की लिहिते, त्यामुळे या अर्जाला चार दिवस लागले. अक्षर मध्येच बदलले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सहा वर्षांपूर्वी उकिरड्यावरच्या फाटक्या गादीत ही बुरशी सापडली. तेव्हा ती गादीतला फोम जेमतेम कुरतडत होती. दर तीन आठवड्यांनी आम्ही तिची साखर थोडी कमी केली, फोम वाढवला, आणि फोममध्ये सर्वांत आत शिरलेला तुकडा तेवढा पुढच्या प्लेटमध्ये लावला. बाकीचे मेले. उरलेल्यांची पोरे-नातवंडे शेवटी निव्वळ फोमवर जगू लागली. वाढ फार संथ. विभागात तिला 'जावईबापू' म्हणतात : समोर काहीही वाढा, आधी नाक मुरडणार.

माझ्या जागी बदलीवर आलेल्या मुलीने मला फोनवर सांगितले, "अहो ताई, किती हडकले होते जावईबापू! मला बघवेना. घातली थोडी साखर." मी तिला रागावले नाही. हल्ली मला राग येत नाही, दुसरेही काही येत नाही. बाळ रडले की उठते, एवढेच. साखर मिळताच साखरेवर भराभर वाढणारे पुढे गेले, फोम खाणारे मागे पडून संपले. तिने दर वेळी गुबगुबीत तुकडा निवडून पुढे लावला. आता तिच्याकडच्या चाळीसही प्लेटी पांढऱ्याशुभ्र भरल्या आहेत आणि फोमला तोंड लावत नाहीत. तपासणीत त्यांना 'उत्तम' शेरा मिळाला.

प्लेट ४१ मी रजेच्या आदल्या दिवशी लावून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवली होती. फोम खाणारी बुरशी आता फक्त तिच्यात आहे, बाळाच्या नखाएवढी. थंडीत ती वाढत नाही. वाढू नये म्हणूनच फ्रिजमध्ये ठेवतात. तिला 'मृत' असा शेरा आहे. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, वाढ दाखवा, प्लेट राहील." बाहेर काढल्याशिवाय ती वाढणार नाही, आणि नष्ट करायच्या यादीतली वस्तू बाहेर काढायला परवानगी नाही. मी हे दोनदा सांगितले. तेही दोनदा "बरोबर आहे" म्हणाले.

तरी मला रजेत अर्धा तास आत येऊन तो तुकडा नव्या फोमवर लावू द्यावा. तेवढा वेळ बाळाला कचेरीत धरायला हेडक्लार्क स्वतःहून तयार आहेत. हे शक्य नसल्यास प्लेट माझ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवू द्यावी. नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. सासूबाई म्हणाल्या, "ठेव हो, फक्त बाळाच्या दुधापासून लांब."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी बाळाला घेऊन फाटकाशी उभी राहीन. होकार असल्यास पहारेकऱ्याला सांगावे. नकार असल्यास निरोप पाठवायचे कष्ट घेऊ नयेत. नमुने मारायच्या यंत्राची वाफ सुटते तेव्हा तो आवाज फाटकापर्यंत येतो.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
(सही)
प्रयोगशाळा सहायक, प्रसूती रजेवर
दि. १४ मार्च

सोबत : १. सहा वर्षांच्या नोंदवहीच्या प्रती.
२. प्लेट ४१ चा, रजेच्या आदल्या दिवशीचा फोटो.